कान आणि मान : आरशाला न दिसणारी त्वचा

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत नवांगी पूजा करताना भाविक अंगुष्ठापासून आरंभ करून गुडघे, मनगटे, खांदे, मस्तकशिखा आणि ललाट अशा क्रमाने प्रभूंच्या अंगांना तिलक करतो, आणि सातव्या क्रमांकावर कंठाला चंदन लावतो. याच कंठातून भगवान महावीरांनी निर्वाणापूर्वी सोळा प्रहर अखंड देशना दिली, याचे त्या क्षणी स्मरण करावयाचे असते. दिगंबर मंदिरांत अभिषेकानंतरचे गंधोदक आपण मस्तकाला, डोळ्यांना आणि कंठाला लावतो. कानांचे म्हणाल, तर कोणत्याही तीर्थंकरमूर्तीच्या लांब, सुडौल पाळ्यांकडे पाहावे. श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी गोम्मटेश्वराच्या कानांवरही शिल्पकाराने मुखाइतकेच परिश्रम घेतलेले दिसतात. देवालयातून घरी आल्यावर मात्र आपला आरसा हनुवटीपाशी थांबतो. चेहऱ्यासाठी घरात चार बाटल्या असतात. मानेच्या वाट्याला आंघोळीचा उरलेला साबण येतो आणि कानामागची त्वचा तर शब्दशः कानामागे टाकलेली असते.

कुटुंबासाठी असलेल्या या मासिकात त्वचेच्या निगेवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचकांच्या मनात येईल. बारा अनुप्रेक्षांमध्ये अशुचि भावना आहे, दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे. मग देहाचे हे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण अस्नान हा मुनींचा मूलगुण आहे, श्रावकाचा नव्हे. शिवाय येथे विषय सौंदर्याचा नाही. कान आणि मान या दोन ठिकाणची त्वचा शरीराच्या आतील काही बिघाडांची खबर रक्ततपासणीच्याही आधी देते, आणि ती खबर आपण मळ समजून घासून टाकू पाहतो. सांगावयाचे आहे ते एवढ्याचसाठी.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात चौदा वर्षांची मुलगी आहे. हुशार, बोलकी. दोन वर्षांपूर्वी तिच्या मानेची मागची बाजू काळवंडू लागली. प्रथम आई म्हणाली, ‘मान नीट घासत नाहीस.’ मग आजीने उटणे दिले, मावशीने हरभऱ्याचे पीठ आणि दही सुचवले, आणि शेवटी टाचा घासण्याची वजरी मानेवर फिरली. कातडी सोलवटली, काळेपणा वाढला. पाठशाळेतल्या मैत्रिणी काहीबाही बोलल्या असाव्यात, कारण भर वैशाखात ती बंद गळ्याचे कपडे घालू लागली आणि केसांची वेणी घालणे तिने सोडून दिले. घरच्यांना ही वयाची लहर वाटली.

पुढे ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली तेव्हा त्यांनी मलम लिहून दिले नाही. वजन, उंची आणि कमरेचा घेर घेतला, पाळीची नियमितता विचारली, घरात मधुमेह कोणाला आहे हे विचारले आणि रक्ततपासणी सांगितली. एचबीएवनसी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखविणारी चाचणी, ६.० आली. ५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहाची पूर्वावस्था, ६.५ पासून मधुमेह, असे तिचे कोष्टक आहे. चौदाव्या वर्षी ती मुलगी उंबरठ्यावर उभी होती आणि तिची मान हे दोन वर्षे सांगत होती.

या काळेपणाला वैद्यकशास्त्रात ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. नाव अवघड असले तरी ओळखणे सोपे आहे. मळ असेल तर ओल्या फडक्याने पुसला जातो. हा जात नाही. उन्हाने रापलेली त्वचा सपाट असते, तर ही जाडसर आणि हाताला मखमलीसारखी लागते, मानेच्या वळ्यांत गडद होत जाते. बहुधा काखेतही तसाच रंग असतो आणि मानेवर तिळाएवढे लोंबते मस दिसतात. कारण असे : पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करते. साखर आटोक्यात ठेवण्यासाठी निघालेले हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींना मात्र वाढीचा संदेश देते. त्या भराभर वाढतात, त्वचा जाड होते, गडद दिसते. म्हणजे रोग त्वचेचा नाहीच. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर मानेवर आलेली ती सूचना आहे. खाते थकलेले दुसरीकडे आहे. सूचनेचा कागद घासून खाते नियमित होत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोकांना त्याची पूर्वावस्था असल्याचा अंदाज दिला आहे. आपला समाज शाकाहारी आहे, निर्व्यसनी आहे, म्हणून आपण या आकड्यांच्या बाहेर आहोत अशी एक गोड समजूत आढळते. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसून व्यवसाय, चहासोबत फरसाण, प्रत्येक प्रसंगी तुपातले मिष्टान्न आणि साधर्मिक वात्सल्याच्या जेवणात आग्रहाचा तिसरा वाढप, या सगळ्याला शाकाहाराचे कवच पुरत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आपला नियम उत्तम आहे. पण त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात दोन वेळचे जेवण उरकणे हा त्या नियमाचा हेतू खचित नसावा.

त्या मुलीला जे सांगितले गेले ते साधे होते : रोज घाम येईपर्यंत चालणे किंवा खेळणे, गोड आणि मैदा कमी, वजनात हळूहळू घट. अशा प्रयत्नाने मानेचा रंगही काही महिन्यांत उजळत जातो, कारण मुळाशीच इन्सुलिनची मागणी घटते. पाळी अनियमित आणि मान काळी असे दोन्ही असेल तर बीजकोशांच्या विकाराचीही तपासणी लागते. एक इशारा वेगळा सांगितला पाहिजे. उतारवयात, वजन वाढलेले नसताना, असा काळेपणा अचानक आणि झपाट्याने पसरू लागला, सोबत भूक मंदावली किंवा वजन उतरू लागले, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे; क्वचित तो पोटातील कर्करोगाची पहिली खूण असतो.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. मान उजळण्यासाठी लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन नवे डाग पडतात. खाण्याचा सोडा त्वचेचे नैसर्गिक आम्ल नष्ट करतो. बटाट्याच्या रसाची तर मोठी कीर्ती आहे. ज्या घरात बटाट्याला स्वयंपाकघरात मज्जाव आहे तिथे तो न्हाणीघरातून आत यावा, हे गमतीचे वाटते. सर्वांत घातक मात्र औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, गोरेपणासाठी किंवा खाजेसाठी म्हणून विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे. आठवडाभर त्यांचा गुण दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवताच पहिल्यापेक्षा अधिक त्रास होतो. मानेची त्वचा मुळात पातळ असल्याने तिथे हा अपाय लवकर होतो.

आता दागिन्यांकडे वळू. मंगळसूत्राच्या किंवा साखळीच्या रेषेत मानेभोवती खाज, बारीक पुरळ आणि पुढे काळसर पट्टा. तसेच कानात विशिष्ट कुडी घातली की पाळी लाल होणे, पाणी सुटणे. ही लक्षणे अनेक घरांत ‘उष्णता’ या एका शब्दात निकालात काढली जातात. बहुतेक वेळा अपराधी असतो निकेल. एक ग्रॅम सोन्याचे म्हणून जे दागिने मिळतात, त्यांत आत तांबे किंवा पितळ असते, त्यावर पुष्कळदा निकेलचा थर असतो आणि वर सोन्याचा नाममात्र मुलामा. मुलामा झिजला की घामात निकेल विरघळते आणि त्वचेत शिरते. एकदा शरीराने निकेलशी वैर धरले की ते बहुधा जन्मभर टिकते. मग घड्याळाचा पट्टा, चष्म्याची दांडी, विजारीचे धातूचे बटण, जिथे स्पर्श तिथे पुरळ. या उपद्रवामुळेच युरोपीय संघाने १९९४ साली दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर कायद्याने मर्यादा घातली.

सोनेतारण कर्जाच्या निमित्ताने पुष्कळ दागिने हाताखालून गेल्यामुळे एक गोष्ट सांगू शकतो. ९१६ अशी खूण असलेल्या २२ कॅरेट सोन्यात ९१.६ टक्के सोने असते, उरलेला भाग बहुधा तांबे आणि चांदी. निकेलचा त्रास असणाऱ्यांना ते सहसा मानवते. १८ कॅरेटमध्ये सोने ७५ टक्के, आणि पांढऱ्या सोन्यात निकेल मिसळलेले असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षरांकी ओळखक्रमांक अनिवार्य आहे. तो पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. ज्यांना सोने परवडत नाही त्यांनी रोजच्या वापरासाठी शुद्ध टायटेनियमची कर्णफुले घ्यावीत. लग्नकार्यापुरता एखादा नकली हार घालावयाचा असेल तर त्याच्या मागील बाजूस रंगहीन नखपॉलिशचा हात द्यावा, घरी येताच तो काढावा आणि मान साध्या पाण्याने धुवावी.

कान टोचण्याविषयी. सोनारानेच कान टोचावेत असे आपण म्हणतो, पण सोनाराची तार आणि सुई निर्जंतुक असावी, हे म्हणीत आलेले नाही. पाळीला पडलेले छिद्र भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात, तेवढ्या काळात कडी काढू नये, हळद-तेलाचे थर देऊ नयेत; उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा स्वच्छ करणे पुरे. वरच्या कुर्चेत, जिथे बुगडी घालतात तिथे, रक्तपुरवठा अल्प असल्याने काही महिने लागतात, आणि तिथला संसर्ग कुर्चा वितळवून कानाचा आकारच बिघडवू शकतो. तिथे बंदुकीने टोचणे टाळावेच. घरात कोणाच्या जखमा भरताना जाड गाठी होत असतील, ज्यांना केलॉइड म्हणतात, तर एका छिद्रावर भागवावे; चार छिद्रांची हौस चार गाठी देऊ शकते.

पाळ्या ओघळणे ही आपल्याकडील ज्येष्ठ स्त्रियांची खास तक्रार. जड झुब्यांनी छिद्र लांबत जाते आणि एक दिवस टॉवेल अडकून पाळी फाटते. पूर्वीच्या बायका झुब्यापासून केसांपर्यंत मोत्यांचा किंवा सोन्याचा वेल घालत, तो केवळ शोभेसाठी नव्हता. कुड्यांचा भार तो पाळीवरून केसांवर घेई. आजच्या मुली झुबे तेवढेच जड घालतात आणि वेल काढून ठेवतात. फाटलेली पाळी जोडणे ही लहानशी शस्त्रक्रिया आहे, जागेपुरती भूल देऊन होते. तिची लाज वाटण्याचे किंवा ‘आता या वयात कशाला’ म्हणण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार वर्णिलेले आहेत. म्हणजे तक्रारही जुनी आणि उपायही.

साठीच्या पुढच्या पुरुषांसाठी वेगळा परिच्छेद हवा, कारण ते हा लेख पत्नीसाठी आहे असे समजून पान उलटतील. काळ्या केशकलपात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. त्याची ॲलर्जी डोक्याच्या जाड कातडीवर फारशी दिसत नाही. ती कानांवर, कानांमागे, मानेवर आणि पापण्यांवर फुलते. वर्षानुवर्षे सोसलेला कलप एका महिन्यात अचानक सोसेनासा होतो, म्हणून ‘मी तर नेहमीच लावतो’ हा युक्तिवाद चालत नाही. प्रत्येक वेळी थेंबभर कलप कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही हेच रसायन असू शकते. तसेच कानामागे आणि कानाच्या घडीत तेलकट खपल्या धरत असतील तर त्यावर तेल चोळू नये. ती कोरडी त्वचा नसून कोंड्याचाच प्रकार असतो आणि ज्या बुरशीमुळे तो होतो ती तेलावर पोसते. कानाच्या छिद्रात तेल ओतण्याची जुनी रीतही सोडावी. मळ बाहेर ढकलण्याची कानाची स्वतःची व्यवस्था आहे. कापसाच्या काडीने आपण तो आत ठोसतो.

निगा राखायची तर लावायचे काय, हा प्रश्न आपल्या घरांत रसायनाइतकाच अहिंसेचा आहे. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आणि तशी चाचणी केलेल्या मालाची आयात, दोन्हींवर बंदी घातली, ही समाधानाची गोष्ट. पण चाचणी नसणे आणि घटक प्राणिज नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचे, बीजवॅक्स म्हणजे मेण मधमाशीचे, कोलॅजेन प्राण्यांच्या कातडी-हाडांचे. कार्माइन हा लाल रंग किड्यांना वाळवून, चिरडून काढतात. वेष्टनावर तो ७५४७० या क्रमांकाखाली लपलेला असतो. स्क्वालेन पूर्वी शार्कच्या यकृतातून येई, आता ऑलिव्ह आणि उसापासूनही मिळते. स्रोत छापलेला नसेल तर कंपनीला लिहून विचारावे. ग्राहकाने विचारल्याशिवाय कोणीही सांगत नसते. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले भिरंडेल मिळते. हिवाळ्यात मानेच्या आणि कानांच्या कडा फुटतात त्यावर ते किंचित कोमट करून लावावे; कोणत्याही परदेशी लोण्यापेक्षा ते कमी नाही आणि त्यात कोणाचा जीव गेलेला नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात. सनस्क्रीन चेहऱ्याला लावणारे बहुतेक जण कानांच्या वरच्या कडा आणि मानेची मागची बाजू विसरतात, आणि ऊन नेमके तिथे पडते. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीएवढी क्रीम चेहरा-मानेला मिळून लागते, आणि बाहेरच राहायचे असेल तर दोन तासांनी पुन्हा. उपरणे किंवा ओढणी याहून स्वस्त आणि खात्रीची. अत्तर मानेवर लावून उन्हात जाऊ नये. त्यातील काही सुगंधी तेलांनी ओघळाच्या आकाराचे काळे डाग पडतात. अत्तर कपड्यावर लावावे.

एक विषय घरांत कुजबुजीतच बोलला जातो. कानाची पाळी हळूहळू जाड, सुजल्यासारखी, गाठाळ होणे हे कुष्ठरोगाचे एक लक्षण आहे. या रोगात मानेच्या बाजूने कानाकडे जाणारी टणक दोरीसारखी लागणारी तिथली नस, फुगून त्वचेवरून दिसू शकते. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णप्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले, पण रोग गेलेला नाही, आणि तो गरिबांनाच होतो हा समज खोटा आहे. सरकारी दवाखान्यात त्यावरची औषधे विनामूल्य मिळतात. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो. लपवण्यात गेलेल्या वर्षांनी बोटे वाकतात. मानेत गाठ येऊन दोन-तीन आठवड्यांत विरली नाही तर क्षयाचीही तपासणी करावी.

श्वेतांबर परंपरेतील एक प्रसंग येथे आठवतो. साधनाकाळाच्या अखेरीस एका गुराख्याने भगवान महावीरांच्या दोन्ही कानांत काष्ठशलाका ठोकल्या. प्रभूंनी वेदना कोणाला सांगितली नाही. ते सिद्धार्थ नावाच्या वणिकाच्या घरी गोचरीसाठी आले तेव्हा तेथे खरक वैद्य बसलेला होता. त्याने मुद्रेवरूनच ओळखले की या देहात कुठेतरी शल्य आहे. दोघांनी मागोमाग जाऊन शोध घेतला, तैलमर्दन केले, सांडशीने शलाका ओढून काढल्या आणि जखमेवर वनौषधी लावली. सिद्धार्थाच्या घरी त्या दिवशी इतर माणसेही असतीलच. पाहिले ते खरकाने.

आजचे मुनी-आर्यिकाही सांगत नाहीत. अनवाणी, उघड्या मस्तकाने, शेकडो किलोमीटर विहार. दिगंबर मुनींना तर वस्त्राचाही आडोसा नाही. कानाच्या कडा आणि मानेची मागची बाजू वर्षानुवर्षे उन्हात असते. वैयावृत्त्य हे अंतरंग तपांपैकी एक मानले आहे, आणि विहारात सोबत चालणारे श्रावक पाणी, मार्ग, मुक्कामाची जागा हे सारे निष्ठेने पाहतात. त्यांनी एवढे आणखी पाहावे : महाराजांच्या कानावर किंवा मानेवर महिनाभर न भरलेली जखम, पुनःपुन्हा खपली धरून रक्त येणारा चट्टा, किंवा कडा वर आलेला काळा डाग आहे काय. असल्यास संघासोबतच्या वैद्यांना दाखवावे आणि आचार्यांच्या अनुज्ञेने, मर्यादेत बसेल तो उपचार ठरवावा. विहाराचा मार्ग आखताना दुपारचे अकरा ते चार चालणे टळेल असे मुक्काम धरावेत. चैत्र-वैशाखात दोन गावांमधील अंतर बारा-तेरा किलोमीटरहून अधिक असेल तर मधल्या एखाद्या शाळेची किंवा शेतघराची परवानगी आधीच मिळवून ठेवावी, म्हणजे संघाला उन्हात थांबावे लागत नाही.